सूट राहू द्या, आधी कोअर मोजा

क्लाउडवरच्या सर्व्हरसाठी लागणाऱ्या व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा खर्च कसा आटोक्यात आणावा, यावर गेली काही वर्षं एकच उपदेश फिरतो आहे. तो करणारे कधी सल्लागार असतात, कधी कंपनीचे वित्तप्रमुख, तर कधी परचेस खात्यात केस पांढरे केलेले अधिकारी. उपदेश थोडक्यात असा: लायसन्स हा घासाघिशीचा विषय आहे. विक्रेत्याला वर्षअखेरीचं टार्गेट गाठायचं असतं, तेव्हा त्याला खिंडीत पकडा. एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा करार करा. सगळ्या विभागांची खरेदी एकत्र करून मोठा आकडा समोर ठेवा. जमल्यास त्याच विक्रेत्याच्या क्लाउडवर जा, तिथे आणखी सवलत मिळते. आणि तंत्रज्ञांना या बैठकीत बसवू नका, त्यांना व्यवहार कळत नाही.

यातलं शेवटचं वाक्य कंपनीला सर्वांत महाग पडतं. लायसन्सचं बिल मुळात तीन गोष्टींवर ठरतं: सॉफ्टवेअर किती कोअरवर चालतं, कोणत्या एडिशनचं चालतं आणि किती तास चालतं. यातली एकही गोष्ट परचेसच्या टेबलावर ठरत नाही. ती त्या आधी कधीतरी, एखाद्या इंजिनिअरने ड्रॉप-डाउनमधून सर्व्हरचा आकार निवडला तेव्हाच ठरून गेलेली असते. परचेसवाले त्यानंतर येतात आणि ठरून गेलेल्या आकड्यावर टक्केवारीचा खेळ खेळतात. खेळ जिंकल्याचा ईमेलही सगळ्यांना जातो.

आकडेच घेऊ. ॲमेझॉनच्या क्लाउडवर एम५ टूएक्सलार्ज नावाचं मध्यम आकाराचं यंत्र मिळतं: ८ व्हीसीपीयू (म्हणजे क्लाउडवरचे आभासी कोअर), ३२ जीबी मेमरी. अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनिया केंद्रात कसलाही करार न करता लिनक्ससह त्याचा दर तासाला ०.३८४ डॉलर. मुंबई केंद्रात यंत्राचं भाडं थोडं जास्त पडतं, पण हिशोबाची जात तीच. त्यावर विंडोज सर्व्हर घेतला की ०.३६८ डॉलर वाढतात. म्हणजे नुसत्या ऑपरेटिंग सिस्टिमचं भाडं जवळपास यंत्राच्या भाड्याइतकं. त्यावर एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची एंटरप्राइझ एडिशन घेतली की आणखी ३ डॉलर. बेरीज ३.७५२. महिन्याचे ७३० तास धरले तर बिल २,७३९ डॉलर, आणि त्यात यंत्राचा वाटा फक्त २८०.

आता आपले वाटाघाटपटू एक वर्षाची बांधिलकी देऊन यंत्राच्या भाड्यावर, समजा, ४० टक्के सूट मिळवून येतात. वाचले ११२ डॉलर, म्हणजे एकूण बिलाच्या चार टक्के. विंडोज आणि एसक्यूएल सर्व्हरच्या लायसन्सचा भाग या सुटीला बधत नाही. ज्या भागात नव्वद टक्के पैसा जातो त्याला हात न लावता उरलेल्या दहा टक्क्यांवर केलेली ही मर्दुमकी आहे.

त्याऐवजी तो डेटाबेस रोज सांभाळणाऱ्या डीबीएला एकच प्रश्न विचारा: या सर्व्हरला कमी काय पडतं? दहापैकी आठ वेळा उत्तर येईल, मेमरी आणि डिस्कचा वेग. भर दुपारी बारा-पंधरा टक्क्यांवर रेंगाळणारा सीपीयू पाहिला नाही असा डीबीए मला अजून भेटायचा आहे. मग त्याच मेमरीचं पण निम्म्या कोअरचं यंत्र घ्या. आर५ एक्सलार्ज: ४ व्हीसीपीयू, तीच ३२ जीबी मेमरी, तासाला ०.२५२ डॉलर. विंडोज आणि एंटरप्राइझ एडिशन धरून बेरीज १.९३६, महिन्याला १,४१३ डॉलर. बिल जवळजवळ निम्मं झालं आणि विक्रेत्याला फोनसुद्धा करावा लागला नाही. एंटरप्राइझऐवजी स्टँडर्ड एडिशन चालत असेल तर महिना ६६९ डॉलर. आणि एसक्यूएल सर्व्हर २०१७ सालापासून लिनक्सवर चालतो, हे लक्षात घेऊन विंडोजही काढलं तर ५३४. २,७३९ वरून ५३४. या उतरणीत सुटीचा एक पैसाही धरलेला नाही. यंत्राच्या भाड्यावर बांधिलकीची सूट घ्यायची तर ती यानंतर खुशाल घ्या.

यावर ठरलेला आक्षेप येतो: कोअर कमी केले आणि महिनाअखेरीला सिस्टिम बसली तर जबाबदार कोण? आक्षेप योग्य आहे, पण तो चुकीच्या काळातला आहे. स्वतःच्या डेटा सेंटरसाठी सर्व्हर विकत घेताना पाच वर्षांची वाढ आजच विकत घ्यावी लागायची, कारण मधेच कोअर वाढवणं म्हणजे नवी खरेदी, नवी मंजुरी, नवी निविदा. म्हणून सगळेच दुप्पट-तिप्पट आकाराचे सर्व्हर घ्यायचे, आणि त्या परिस्थितीत ते शहाणपणाचंच होतं. क्लाउडवर जाताना मात्र बहुतेकांनी जुन्या सर्व्हरची कोअरसंख्या जशीच्या तशी उतरवून घेतली. ज्या भविष्यासाठी ते कोअर घेतले होते ते भविष्य आता भाड्याने मिळतं, रात्रीचा अर्धा तास सर्व्हर बंद ठेवला की आकार बदलता येतो, हे सोयीस्कर विसरलं गेलं. तेव्हा आधी महिनाभराची मोजमापं घ्या, महिनाअखेर आणि तिमाहीअखेर त्यात येऊ द्या, मग आकार ठरवा. न मोजता कोअर कापा, असं कोणीच म्हणत नाही.

काही डेटाबेसना मेमरी खरोखर प्रचंड लागते आणि तेवढी मेमरी असलेलं यंत्र हवं तर कोअरही प्रचंड येतात. त्यावरही उपाय आहे. ॲमेझॉनवर यंत्र सुरू करताना त्यातले काही कोअर बंद ठेवता येतात. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरवर तर अशी कमी कोअर उघडे ठेवलेली यंत्रं वेगळ्या नावानेच मिळतात. मेमरी पूर्ण मिळते, डिस्कचा वेग पूर्ण मिळतो, भाडंही पूर्ण लागतं. परचेस खात्याला हे ऐकून चक्कर येते: पूर्ण भाडं भरायचं आणि निम्मे कोअर बंद ठेवायचे? हो. १६ व्हीसीपीयू आणि १२८ जीबीच्या आर५ फोरएक्सलार्जचं वर्षाचं भाडं साधारण ८,८३० डॉलर. त्यातलं निम्मं वाया गेलं असं समजा, म्हणजे ४,४१५. दुसरीकडे एसक्यूएल सर्व्हर २०२२ च्या एंटरप्राइझ एडिशनच्या दोन कोअरच्या लायसन्सची छापील किंमत १५,१२३ डॉलर. स्वतःचं लायसन्स क्लाउडवर नेताना प्रत्येक व्हीसीपीयूला एक कोअर मोजला जातो. आठ व्हीसीपीयू कमी म्हणजे ६० हजार डॉलरहून अधिकची खरेदी टळली, आणि तिच्यावर दर वर्षी भरावं लागणारं सॉफ्टवेअर अश्युरन्सही टळलं. वाया गेलेलं भाडं यापुढे चिल्लर आहे.

मात्र इथे एक सावधगिरी. ही युक्ती ऑरॅकलच्या डेटाबेसला लावायला जाऊ नका. ऑरॅकलच्या क्लाउडविषयक धोरणात यंत्राच्या त्या प्रकारात जास्तीत जास्त जितके व्हीसीपीयू उपलब्ध असतील तितके मोजा, अशी भाषा आहे. तिथे मुळात लहान यंत्र घेणं हाच मार्ग. हे बारकावे परचेसच्या माणसाला माहीत असण्याचं कारण नाही, म्हणूनच बैठकीत तंत्रज्ञ हवा.

एडिशनचा विषय याहून मोठा आहे, आणि याहून दुर्लक्षित. बऱ्याच ठिकाणी एंटरप्राइझ एडिशन का घेतली, याचं उत्तर 'पहिल्यापासून तीच आहे' एवढंच मिळतं. एके काळी त्याला कारण होतं. डेटा कॉम्प्रेशन, पार्टिशनिंग, कॉलमस्टोअर हे सगळं एसक्यूएल सर्व्हरच्या एंटरप्राइझ एडिशनमध्येच मिळायचं. नोव्हेंबर २०१६ मध्ये, एसक्यूएल सर्व्हर २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकबरोबर मायक्रोसॉफ्टने यातलं बरंचसं स्टँडर्डमध्ये आणलं. डिस्कवरचा डेटा एन्क्रिप्ट करण्याची सोय २०१९ च्या आवृत्तीत आली. या गोष्टीला बरीच वर्षं झाली, तरी लायसन्सचं रिन्यूअल जुन्याच एडिशनवर सुरू आहे. एंटरप्राइझची छापील किंमत स्टँडर्डच्या जवळपास चौपट आहे. आणि खरोखर कोणतं एंटरप्राइझ वैशिष्ट्य वापरात आहे हे शोधायला सल्लागार नेमावा लागत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्येच एक सिस्टिम व्ह्यू आहे. तो प्रत्येक डेटाबेसवर चालवला की स्टँडर्डवर नेता येणार नाही असं त्यात काय आहे, त्याची यादी मिळते. अनेकदा ती रिकामी येते.

ती रिकामी आली म्हणून लगेच उडी मारायची, असंही नाही. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत स्टँडर्डला २४ कोअर आणि १२८ जीबी बफर मेमरीची मर्यादा आहे. वापरकर्ते काम करत असताना इंडेक्स पुन्हा बांधण्याची सोय तिच्यात नाही. चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयाच्या सिस्टिमला ही अडचण खरी आहे. रात्री दहाला कुलूप लागणाऱ्या वितरकाच्या गोदामाला ती अडचण नाही, आणि एंटरप्राइझचे पैसे मात्र दोघंही भरत असतात.

ऑरॅकलकडे हा फरक आणखी टोकाचा. एंटरप्राइझ एडिशनची छापील किंमत प्रोसेसरमागे ४७,५०० डॉलर, आणि दर वर्षी त्याच्या २२ टक्के सपोर्ट. स्टँडर्ड एडिशन २ ची किंमत १७,५००. ॲमेझॉनवर ८ व्हीसीपीयूच्या यंत्रासाठी एंटरप्राइझची ४ लायसन्स लागतात, १,९०,००० डॉलर. स्टँडर्ड एडिशन २ ला चार व्हीसीपीयूमागे एक, म्हणजे २ लायसन्स, ३५,०००. घासाघीस करून तुम्ही ६० टक्के सूट मिळवली, आणि ती मिळाली तर तुमचा सत्कारच होईल, तरी एंटरप्राइझ ७६,००० ला पडेल. छापील किमतीच्या स्टँडर्डच्या दुपटीहून जास्त. अर्थात स्टँडर्ड एडिशन २ या क्लाउडवर ८ व्हीसीपीयूच्या पुढे चालवता येत नाही आणि तिच्यावर पार्टिशनिंगसारखे पर्याय घेता येत नाहीत. पण कंपनीतल्या चाळीस डेटाबेसपैकी या मर्यादेत बसणारे किती, हा प्रश्न आजवर कोणी विचारला का?

आता त्या उपदेशातल्या सर्वांत गोड भागाकडे येतो: विक्रेत्याच्याच क्लाउडवर जा. गणित म्हणून हे अनेकदा बरोबर ठरतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये इंटेलच्या ८ कोअरवर ऑरॅकल चालवलं तर कोअर फॅक्टर (कोअरसंख्येला ज्याने गुणायचं तो ऑरॅकलचा आकडा) ०.५ धरून ४ लायसन्स लागतात. ॲमेझॉन किंवा ॲझ्युअरवर तेच ८ कोअर म्हणजे हायपरथ्रेडिंगसह १६ व्हीसीपीयू, आणि तिथे दोन व्हीसीपीयूला एक लायसन्स, कोअर फॅक्टर नाही. म्हणजे ८ लायसन्स. ऑरॅकलच्या स्वतःच्या क्लाउडवर पुन्हा ४. काम तेच, कोअर तेवढेच, लायसन्स दुप्पट. हा फरक चिपमध्ये नाही, जानेवारी २०१७ मध्ये ऑरॅकलने बदललेल्या एका धोरणाच्या कागदात आहे. तो कागद स्वतःच सांगतो की तो केवळ माहितीसाठी आहे, कोणत्याही कराराचा भाग नाही आणि पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतो. २०१६ मध्ये ॲमेझॉनवर गेलेल्यांनी अंदाजपत्रक केलं तेव्हा गणित वेगळं होतं.

मायक्रोसॉफ्टने हेच २०१९ मध्ये केलं. १ ऑक्टोबर २०१९ नंतर सॉफ्टवेअर अश्युरन्सशिवाय घेतलेली लायसन्स ॲमेझॉन, गूगल, अलीबाबा यांच्या, ग्राहकासाठी राखून ठेवलेल्या यंत्रांवरसुद्धा नेता येणार नाहीत, असा नियम आला. विंडोज सर्व्हरचं लायसन्स या क्लाउडच्या सामायिक यंत्रांवर नेण्याची मुभा तर आधीपासूनच नव्हती. ॲझ्युअरवर मात्र हायब्रिड बेनिफिट या नावाने, सॉफ्टवेअर अश्युरन्स असलेलं तेच लायसन्स वापरून भाडं कमी करता येतं. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने जुलै २०२५ मध्ये क्लाउड बाजाराच्या चौकशीचा अंतिम निर्णय दिला, त्यात मायक्रोसॉफ्टच्या या लायसन्सपद्धतीचा ॲमेझॉन आणि गूगल यांच्याशी असलेल्या स्पर्धेवर प्रतिकूल परिणाम होतो, असा निष्कर्ष आहे. सल्लागारांच्या सादरीकरणात ही 'सवलत' हिरव्या रंगात दाखवतात. खरं तर शेजारच्या दुकानात भाव चढवून ठेवला, म्हणून आपल्या दुकानातला स्वस्त दिसतो आहे. जायचं तर जा, पण ज्या कागदामुळे आज स्वस्त पडतं तो कागद लिहिणारा आणि पुसणारा एकच आहे, हे हिशोबात धरा. तिथेही आधी कोअर कमी करूनच जा. नाहीतर फुगलेला आकार तिकडे नेऊन त्यावर सवलत घेतल्याचं समाधान तेवढं पदरात पडेल.

तीन वर्षांच्या कराराचंही तेच. आपल्याकडे बिल रुपयात आलं तरी मूळ दर डॉलरमध्ये असतो. २०१७ मध्ये डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२४ मध्ये त्याने ८५ ओलांडले. तेव्हा शंभर डॉलरच्या वस्तूला ६,५०० रुपये पडायचे. नंतर वीस टक्के सूट मिळवून ती ऐंशी डॉलरला घेतली, तरी ६,८०० पडले. सूट कराराची मुदत संपली की संपते आणि पुढच्या वेळी नव्याने भीक मागावी लागते. एकदा कमी केलेला कोअर कमीच राहतो.

इथे विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो, कारण तो त्यांच्या अनुभवातून आलेला आहे. ऑरॅकलची काही लायसन्स सपोर्टमधून काढली की उरलेल्यांच्या सपोर्टचा दर नव्याने ठरवला जातो, आणि बिल अपेक्षेइतकं खाली येत नाही, कधी कधी येतच नाही. कोअर निम्मे केले म्हणून पुढच्या वर्षीचं सपोर्टचं बिल निम्मं येईल, असं सांगणारा तंत्रज्ञ तोंडावर आपटतो. पण यातून निष्कर्ष कोणता निघतो? कोअर कमी करू नका, हा नव्हे. मोकळी झालेली लायसन्स पुढच्या प्रकल्पाला लावा आणि नवी खरेदी टाळा, हा. आणि पहिली खरेदी होण्याआधी कोअर मोजा, कारण एकदा घेतलेल्या लायसन्सचा सपोर्ट पाठ सोडत नाही.

दुसऱ्या बाजूला आणखी एक जमात आहे, तिचाही समाचार घ्यायला हवा. त्यांच्या मते या सगळ्या कटकटीवर उत्तर एकच: ओपन सोर्स. लायसन्स फुकट, विषय संपला. यातला उत्साह मला आवडतो, हिशोब आवडत नाही. ऑरॅकलवरून पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसवर जाणं म्हणजे डेटा उचलून इकडून तिकडे ठेवणं नव्हे. ऑरॅकलमध्ये रिकामी अक्षरमाला आणि नल एकच धरले जातात, पोस्टग्रेसमध्ये ते वेगळे आहेत. ग्राहकाचं मधलं नाव रिकामं असलेल्या नोंदी शोधणारी जुनी क्वेरी नव्या घरी मुकाट्याने कमी नोंदी देते, चूक दाखवत नाही. ऑरॅकलच्या तारखेत वेळही दडलेली असते, पोस्टग्रेसच्या तारखेत नसते. ऑरॅकलच्या पीएल/एसक्यूएल भाषेतल्या पॅकेजला तिथे थेट जोडीदार नाही. वीस वर्षांत पॅकेजांमध्ये लिहिलेले दोन-तीन लाख ओळींचे व्यवहाराचे नियम असतील, तर ते बदलणं हा दोन वर्षांचा प्रकल्प आहे आणि त्याला पगार लागतो. ओरा२पीजीसारखी मोफत साधनं कामाचा अंदाज देतात, बरंचसं भाषांतरही करतात. उरलेलं मात्र माणसालाच करावं लागतं, आणि तेच अवघड असतं.

म्हणून सगळं एकदम नको, पण काहीच नको हेही नको. नवं ॲप्लिकेशन सुरू होताना डेटाबेस व्यावसायिकच हवा असेल तर तसा आग्रह धरणाऱ्याने कारण लिहून द्यावं, एवढा नियम पुरे. जुन्यांपैकी ज्यात स्टोअर्ड प्रोसिजर कमी आहेत ते आधी हलवा. 'पोस्टग्रेसची माणसं मिळत नाहीत' हे तर पुण्यात बसून बोलूच नये. पोस्टग्रेसवर उभी असलेली एंटरप्राइझडीबी कंपनी इथेच मोठं कार्यालय थाटून बसली आहे.

ॲमेझॉनचं उदाहरण या वादात दोन्ही बाजू वापरतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिने जाहीर केलं की आपल्या कन्झ्युमर व्यवसायातले जवळपास ७,५०० ऑरॅकल डेटाबेस, ७५ पेटाबाइट डेटा, आपल्या स्वतःच्या डेटाबेस सेवांवर हलवून झाला आहे. सांगणारी कंपनी त्या सेवा विकणारीही आहे, हे ध्यानात ठेवूनच हा दावा वाचावा. तरी त्यातला एक तपशील माझ्या मुद्द्याला नेमका लागू आहे. डेटाबेसचा खर्च ६० टक्क्यांहून अधिक घटला असं ॲमेझॉनने सांगितलं, आणि ही घट तिला आधीच मिळत असलेल्या भरघोस सुटीच्या वर होती. घासाघिशीत ॲमेझॉनचा हात धरणारा खरेदीदार कुठे शोधायचा? त्यालाही सूट घेतल्यावर एवढी जागा शिल्लक सापडली.

आणि एक ठिकाण असं आहे की जिथे बदलाला जवळपास काहीच लागत नाही, तरी पैसे भरले जातात. जावा. जानेवारी २०२३ पासून ऑरॅकलने जावाची वर्गणी सर्व्हरवर न लावता कंपनीच्या एकूण कर्मचाऱ्यांवर लावली. हजाराच्या आत कर्मचारी असतील तर माणशी महिना १५ डॉलर. यात अर्धवेळ, हंगामी आणि कंपनीच्या कामाला लावलेले कंत्राटदारांचे लोकही धरतात. सहाशे माणसांच्या कारखान्यात जावावर चालणारे सर्व्हर दोन असले, तरी छापील दराने वर्षाला १,०८,००० डॉलर. सोसायटीत एका घरी पाहुणे आले म्हणून टँकरचं बिल सगळ्या इमारतीत डोकी मोजून लावावं, तसा हा प्रकार. ओपनजेडीकेवर आधारलेल्या टेमुरिन, कॉरेटो किंवा खुद्द मायक्रोसॉफ्टच्या आवृत्त्या मोफत आहेत आणि बहुतेक सर्व्हर ॲप्लिकेशन त्यांवर एक ओळही न बदलता चालतात. तरी वित्तखातं या बिलावर दहा टक्के सूट मागत बसतं.

तासांचा मुद्दा सरळ आहे, त्यात फार घोळ घालण्यासारखं नाही. भाड्यात लायसन्स धरलेलं असेल तर सर्व्हर बंद असताना लायसन्सचं भाडंही थांबतं. टेस्टिंगचा सर्व्हर कामाच्या दिवशी बारा तासच चालवला तर महिन्याचे ७३० तासांचे २६४ होतात. आणि टेस्टिंगसाठी एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर एडिशन २०१६ पासून मोफत आहे, सगळी एंटरप्राइझ वैशिष्ट्यं त्यात आहेत. टेस्ट सर्व्हरवर स्टँडर्ड किंवा एंटरप्राइझचं भाडं भरणारी कंपनी नुसती दान करते आहे.

राहता राहिली भीती. 'जास्त हात घातला तर विक्रेता ऑडिट लावेल.' ही कुजबुज प्रत्येक रिन्यूअलच्या आधी ऐकू येते, आणि ती अनेकदा विक्रेत्याच्याच माणसाने सोडलेली असते. पण ऑडिटमध्ये सापडतो कोण? ऑरॅकलच्या एंटरप्राइझ एडिशनमध्ये डायग्नॉस्टिक्स आणि ट्यूनिंग या वेगळं लायसन्स लागणाऱ्या पॅकचा वापर मुळातच चालू ठेवलेला असतो. ते बंद करणारं पॅरामीटर डीबीएने हाताने बदलावं लागतं. रात्री अडीचला सिस्टिम मंदावली म्हणून कोणी डायग्नॉस्टिक्स पॅकमधला एक एडब्ल्यूआर रिपोर्ट काढला की डेटाबेस स्वतःच त्या वापराची नोंद करून ठेवतो, आणि ऑडिट करणारे पहिली तीच नोंद मागतात. डायग्नॉस्टिक्स पॅक प्रोसेसरमागे ७,५०० डॉलर, ट्यूनिंग ५,०००. म्हणजे ऑडिटची भीती बाळगायची ती न मोजणाऱ्यांनी. ज्या कंपनीत कोअर, एडिशन आणि वापराची नोंद दर तिमाहीला तपासली जाते, तिला ऑडिटची नोटीस आली तरी एका दिवसात उत्तर देता येतं.

तेव्हा वित्तप्रमुखांना आणि परचेसच्या मंडळींना माझी विनंती एवढीच. पुढचं रिन्यूअल येण्याच्या निदान सहा महिने आधी आपल्या डीबीएला बोलवा आणि एक तक्ता मागा: प्रत्येक सर्व्हरवर व्हीसीपीयू किती, गेल्या तिमाहीत त्यांतले कमाल किती वापरले गेले, एडिशन कोणती आणि त्या एडिशनचं कोणतं वैशिष्ट्य खरोखर वापरात आहे, सर्व्हर रात्री कोणासाठी चालू असतो. तो तक्ता हातात येईपर्यंत विक्रेत्याला भेटीची वेळ देऊ नका, आणि वर्षअखेरीची खास सूट उद्या संपते आहे असं तो म्हणाला तरी सही करू नका.